तोंडातला शब्द

गंधाली परब 'व'वर अडली होती, तेवढ्यात समोर बसलेल्या देवव्रत जयवंतांनी तिचं वाक्य पुरं करून टाकलं, आणि चुकीचं पुरं केलं.

मुलाखत इंग्रजीत चालली होती, आणि ती घेणारे देवव्रत कंपनीचे प्रमुख होते. 'त्या सकाळी तुम्ही तुमच्या माणसांना सगळ्यात आधी काय सांगितलंत?' असा त्यांचा प्रश्न होता. 'मी सगळ्यांना म्हटलं, व्...' एवढं बोलून तिचे ओठ गोल झाले आणि तसेच राहिले. छातीतून निघालेली हवा ओठांपर्यंत आली आणि तिथंच दाटून उभी राहिली. हे होणार हे तिला वाक्य सुरू करतानाच ठाऊक होतं. रोजच्या रस्त्यावरचा खड्डा रिक्षावाल्याला दुरूनच कळतो तसं. शब्द किती वेळ धरून ठेवेल, सुटताना कसा सुटेल, सगळं ठाऊक होतं. ती त्याची वाट बघत होती. 'वर्क,' देवव्रत म्हणाले. 'कामाला लागा! अगदी बरोबर.' ते मनापासून हसले. शेजारी बसलेल्या उत्तराकडे वळून त्यांनी मान हलवली. उत्तरा एचआरची मुख्य होती, मघाशी तिनं स्वतः उठून गंधालीपुढे पाण्याचा ग्लास ठेवला होता. तिनं लॅपटॉपवर काहीतरी टिपून घेतलं. गंधालीचे ओठ अजून गोलच होते. तिचा शब्द 'वेट' होता. थांबा. कोणी कशालाही हात लावू नका, थांबा.

खरं तर मान हलवली असती की झालं असतं. ही शेवटची फेरी होती. कंपनी एवढी मोठी की गोरेगावच्या या काचेच्या इमारतीत तिचे कितीतरी मजले होते आणि तरी बंगलोरची इमारत याहून मोठी आहे असं खाली रिसेप्शनवरची मुलगी सांगत होती. या सगळ्या मजल्यांवरच्या सॉफ्टवेअरवाल्यांची प्रमुख म्हणून गंधालीला घ्यायचं की नाही एवढंच आता ठरायचं होतं. आधीच्या फेऱ्या सोप्या गेल्या होत्या. फळ्यावर चित्रं काढायची, बाण दाखवायचे, सिस्टिम कुठं फुटेल आणि फुटली तर काय वाचवायचं ते मांडायचं. त्यात ती अडली तरी हातातला मार्कर चालत राहायचा, आणि समोरचे तरुण लोक तोंडाकडे न बघता फळ्याकडे बघायचे. इथं फळा नव्हता. लांबलचक गुळगुळीत टेबल होतं, पलीकडे दोन माणसं होती, आणि त्यांच्यामागे काचेतून फिल्मसिटीच्या बाजूच्या हिरव्या टेकड्या दिसत होत्या. देवव्रतांचा चेहरा प्रसन्न होता. तिच्या अडचणीतून तिला हात देऊन बाहेर काढल्याचं समाधान त्यावर होतं.

लोक शब्द देतात. अडखळत बोलणाऱ्या माणसाला लोक शब्द देतात, आंधळ्याला हात धरून रस्ता ओलांडून देतात तसे, त्याला पलीकडे जायचंय की नाही हे न विचारता. आणि तिनं आयुष्यभर ते घेतले होते. भांडुपच्या शाळेत नव्या बाईंनी विचारलं होतं, गाव कुठलं गं तुझं? ती 'कसाल' म्हणायला गेली आणि 'क'वरच लटकली. बाई म्हणाल्या, 'कणकवली?' तिनं मान हलवली. बाईही कणकवलीच्याच निघाल्या. मग शाळा संपेपर्यंत गंधाली कणकवलीची राहिली; तिथल्या एसटी स्टँडची, बाजाराची, पुलाची माहिती तिनं बाबांना विचारून विचारून करून घेतली, न जाणो बाईंनी काही विचारलं तर. हॉटेलात तिला डोसा हवा असायचा आणि ती इडली मागायची, कारण 'ड' अडायचा आणि 'इ' सरळ बाहेर पडायची. शौनकला लग्नानंतर कित्येक वर्षं वाटत होतं की हिला इडली फार आवडते. बिचारा रविवारी हौसेनं पीठ भिजवायचा. खरं कळलं तेव्हा तो ओट्याला टेकून इतका हसला की शेजारच्यांनी भिंत वाजवली. आपल्या नावाला मात्र दुसरा शब्द नव्हता. हे नाव हॉस्पिटलातल्या एका नर्सनं सुचवलेलं, बाबांना आवडलं कारण आख्ख्या चाळीत कुणाचं नव्हतं. 'गं' म्हणजे भिंतच. फोनवर तर लोक 'हॅलो, हॅलो, आवाज येत नाही' म्हणून ठेवूनच देत. म्हणून मुलीचं नाव ठेवताना तिनं मनात एकच गोष्ट धरली, हाक मारता आली पाहिजे. अबोली. सासूबाई म्हणाल्या, 'अगं, तुझं हे असं, आणि पोरीचं नाव अबोली? लोक काय म्हणतील?' पण 'अ' उघड्या खिडकीसारखा होता, नुसतं तोंड उघडलं की हाक जायची. आणि अबोली अशी निघाली की सकाळी डोळे उघडल्यापासून तिची टकळी सुरू. आज निघतानासुद्धा चपला घालणाऱ्या आईभोवती ती फिरत होती. 'आई, वाट लागली ना तरी चालेल, पण इडली मागू नकोस.' ही त्या घरातली म्हण झाली होती.

इडली मागू नकोस. टेबलाच्या पलीकडे देवव्रत पुढचा प्रश्न विचारायला सरसावून बसले होते आणि गंधालीला वाटलं, ही तर इडलीच पुढे आलीय. आणि चांगली फुगलेली. कारण 'वर्क' हा शब्द त्यांना आवडला होता. एक बाई उभी राहते, सगळ्यांना कामाला लावते, संकटातून बाहेर काढते. अशी बाई त्यांच्या मनात या क्षणी उभी होती आणि तिला ते नोकरी द्यायला तयार होते. ती बाई गंधाली नव्हती. त्या सकाळी तसली बाई तिथं असती तर अनर्थ झाला असता.

त्या सकाळी, म्हणजे मागच्या वर्षी, अंधेरीच्या तिच्या सध्याच्या कंपनीत. पॅथॉलॉजी लॅबना सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी. माणूस रक्त देऊन घरी जातो आणि संध्याकाळी त्याच्या मोबाइलवर रिपोर्ट येतो, तो येतो कसा हे त्याला कळण्याचं कारण नसतं; ते गंधालीचं आणि तिच्या माणसांचं काम. त्या सकाळी बोरिवलीच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना ते गरोदर असल्याचा रिपोर्ट गेला. पहिल्यांदा सगळे हसले. मग दुसरा फोन आला, मग तिसरा, आणि मग एक बाई फोनवर रडत होती, कारण तिच्या मोबाइलवर गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट आला होता आणि तिनं तसली तपासणी केलीच नव्हती. म्हणजे तो कुणाचा तरी होता. म्हणजे कुणाला तरी, ज्याला गाठ होती, 'सर्व ठीक' असा रिपोर्ट गेला असणार. हसणं थांबलं. मालक केबिनमधून ओरडत बाहेर आले, हॉस्पिटलवाले फोनवर ओरडत होते, आणि तिच्या टीममधल्या हुशार पोरांनी तेवढ्यात दुरुस्ती तयारही केली होती, नुसतं एक बटण दाबायचं बाकी होतं. गंधाली आपल्या खुर्चीतून उठली. आपण उठल्याचं तिला आठवत होतं, पायाखालचा गालिचा आठवत होता, आणि तोंडात अडलेला तो 'व'. सगळ्यांचे हात कीबोर्डवर, सगळ्यांच्या माना तिच्याकडे. तिचे ओठ गोल आणि आवाज नाही. पण ती तिची माणसं होती. वर्षानुवर्षं तिच्यासोबत बसलेली. त्यांना सवय होती. तिच्या मीटिंगमध्ये कुणी कुणाचं वाक्य तोडत नसे. एकीसाठी थांबायला शिकलेली माणसं हळूहळू एकमेकांसाठीही थांबायला लागली होती, आणि बाहेरून कुणी आलं की म्हणे, तुमच्याकडे फार शांत वाटतं हो. हा तिचा खरा अभिमान होता. पगाराचा नाही, पदाचा नाही, त्या शांततेचा. आणि तो तिनं कुणाला बोलून दाखवला नव्हता. तर त्या सकाळीही ते थांबले. तिचा 'वेट' बाहेर येईपर्यंत सगळे आधीच थांबलेले होते. बटणावरचा हात बाजूला झाला. मग तिनं सगळी सिस्टिम बंदच करायला लावली, आणि मालकांना केबिनचं दार लावून घ्यायला सांगितलं. ती तयार झालेली दुरुस्ती चुकीची होती हे दुपारी कळलं. ती चालवली असती तर बरोबर गेलेले रिपोर्टही उलटसुलट झाले असते आणि मग कुणाचं रक्त कुणाचं हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

'नाही,' गंधाली म्हणाली.

देवव्रत पुढचा प्रश्न अर्धा विचारून थांबले. 'सॉरी?'

'नाही. तो माझा शब्द नव्हता.'

तिनं श्वास घेतला आणि पुन्हा त्या शब्दाकडे गेली. पुन्हा तेच झालं. ओठ गोल झाले, जबडा आवळला, मानेची शीर ताठ झाली, डावा डोळा किंचित मिटायला लागला. आपण अशा वेळी कशा दिसतो हे तिला माहीत होतं. कॉलेजात असताना ती एकदा आरशासमोर उभी राहून अडली होती, मुद्दाम, बघून घ्यावं म्हणून. ते काही चांगलं दिसत नव्हतं. पण शिंकणारं माणूस तरी कुठं चांगलं दिसतं. देवव्रत आपल्या पेनाकडे बघत होते. उत्तरा स्क्रीनकडे. सभ्य माणसं अशीच बघतात, दुसरीकडे. लहानपणी आईसुद्धा. आई शब्द पुरवायची, पटापट, जगानं पोरीला हसू नये म्हणून जगाच्या आधी पुढे धावून. आणि नाही पुरवता आला तर पदराशी चाळा करत खाली बघायची. सरळ बघणारे एकटे बाबा. ते थेट तिच्या ओठांकडे बघायचे. बाबा परळच्या मिलमध्ये साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खात्यात विणकर होते. तिथं शेकडो साचे एकदम धडधडत, शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं बोलणं कानाला कळायचं नाही, म्हणून सगळे एकमेकांच्या ओठांवरून वाचायचे. घरी आल्यावरही ती सवय जायची नाही. आई भाजीचं काही सांगत असली तरी ते तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. आणि गंधाली अडली की ते तसेच बघत राहायचे, साचा थांबला म्हणजे विणकर बघतो तसे, न रागावता, न घाबरता. 'माका घाई नाय,' म्हणायचे. 'मी खंय जातंय?'

'...वेट,' ती म्हणाली. शब्द सुटला आणि अंगभर गरम काहीतरी उतरत गेलं. 'मी त्यांना थांबायला सांगितलं. काम करायला नाही.'

'थांबायला?' देवव्रतांनी वर पाहिलं. 'हॉस्पिटलं ओरडत होती, तुमची दुरुस्ती तयार होती, आणि तुम्ही सगळं थांबवलंत?'

'हो.'

'किती वेळ?'

'चूक कुठून सुरू झाली ते कळेपर्यंत.'

'आणि ते कळलं नसतं तर?'

'तर ब्... बंदच ठेवलं असतं. माणसाला रिपोर्ट उशिरा मिळाला तर तो चिडतो. दुसऱ्याचा मिळाला तर मरू शकतो.'

देवव्रतांनी पेन खाली ठेवलं. त्यांचं हसू गेलं होतं, पण चेहरा आता जास्त जागा वाटत होता. मग त्यांनी खूप प्रश्न विचारले, बारीक, नेमके, आणि गंधालीच्या लक्षात आलं की हा माणूस कधीकाळी स्वतः हे काम केलेला आहे. ती अडत होती, सुटत होती, पुन्हा अडत होती. एकदा त्यांचे ओठ तिला मदत करायला हलले आणि त्यांनी ते मिटून घेतले. ते तिनं पाहिलं. मधेच तिला जाणवलं की आपल्याला मजा येतेय. आपण किती करून बसलोय हे आपण कुणाला एवढ्या सविस्तर कधी सांगितलंच नव्हतं. पाठ खुर्चीला न टेकता सरळ झाली होती आणि दुखत नव्हती.

मग उत्तरा आणि देवव्रत यांच्यात एक नजर झाली, आणि गंधालीला ती नजर ओळखीची होती. आता ते येणार.

'एक सांगू का, गंधाली,' देवव्रत हळूच म्हणाले. 'तुमच्या कामाबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण या पदाचा निम्मा भाग बोलण्याचा आहे. दर तिमाहीला सगळ्या कंपनीसमोर उभं राहायचं, मोठ्या सभागृहात. संचालक मंडळ. कधी टीव्हीवाले. तुमच्यावर तो ताण यावा असं आम्हाला वाटत नाही.' त्यांनी थांबून शब्द निवडले. 'आमच्याकडे निलेश आहे. बाहेरच्या लोकांशी बोलण्याचं काम तो सांभाळतो, बोलतो झकास. असं करता येईल, आतलं सगळं तुम्ही बघायचं, निर्णय तुमचे. व्यासपीठावर तुमच्या वतीनं निलेश बोलेल. अधिकार तुमचेच. पगारातही काही फरक नाही.'

ते चांगुलपणानं म्हणत होते. त्याचंच तिला वाईट वाटलं. हसले असते, तोंड फिरवलं असतं, तर उठून जाणं सोपं होतं. क्षणभर तिला ते दिसलंही. उजेडात उभा राहून निलेश नावाचा माणूस, ज्याला तिनं पाहिलेलं नव्हतं, तिची वाक्यं सरळ, गुळगुळीत, न अडता बोलतोय, आणि ती पडद्यामागे खुर्चीत बसून ऐकतेय. किती सुटसुटीत. जन्मभर शब्द देणारे भेटले, आता एक पगारी माणूसच मिळत होता. आई असती तर म्हणाली असती, घे गो, देव भला करो त्यांचं. मानेतली शीर पुन्हा ताठ व्हायला लागली आणि तिला कळलं, ही अडण्याची नाही. हा माज आहे. असू दे. आपला आहे.

'ताण माझ्यावर येत नाही,' ती म्हणाली. हे वाक्य एकदाही न अडता बाहेर पडलं आणि त्याचं तिलाच नवल वाटलं. मग पुढच्याच शब्दावर ती चांगली खोल अडली, आणि दोघंही, उत्तरा आणि देवव्रत, या वेळी तिच्याकडे बघत राहिले. '...ऐकणाऱ्यावर येतो. त्यांना सवय होईल. माझ्या टीमला झाली. सिस्टिम पडली की लोकांना सांगायला मी उभी राहणार. निलेशना त्या बिघाडातलं काय माहीत असणार? ते माझी वाक्यं म्हणतील, आणि कुणी त्यांना उलटा प्रश्न विचारला तर? मला घेणार असाल तर माझ्या तोंडासकट घ्या. नाहीतर राहू द्या. अंधेरीत माझं बरं चाललंय.'

हे शेवटचं तिनं इंग्रजीत कसं म्हटलं ते नंतर तिला आठवेना; बहुतेक मराठीतच म्हटलं असावं, कारण उत्तरा एकदम खाली बघून हसली होती.

खाली उतरून ती रिक्षात बसली तेव्हा तिला सपाटून भूक लागली होती. रिक्षावाल्यानं विचारलं, 'किधर?' ती घरी, मुलुंडला जायची होती. पण तोंडातून 'भांडुप' निघालं, तेही सरळ, आणि तिनं ते बदललं नाही. पवईच्या उतारावर गाड्या तुंबल्या होत्या. जीभ आणि जबडा दमले होते, दिवसभर चालल्यावर पोटऱ्या दमतात तसे. त्या दमण्याला एक चांगली चव होती. नोकरी गेली, असं ती स्वतःला सांगून पाहत होती आणि मन काही केल्या दुःखी होत नव्हतं. शौनकचा मेसेज होता, काय झालं? तिनं लिहिलं, डोसा मागितला. आणि फोन पर्समध्ये टाकून दिला.

भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीत बाबा आता एकटेच राहत. चाळीची पक्की इमारत झाली होती, खोल्यांची नावं वन बीएचके पडली होती, पण दार उघडं ठेवायची बाबांची सवय तीच. आई गेल्याला बरीच वर्षं झाली. साच्यांनी बाबांचे कान हळूहळू खाल्ले होते आणि आईच्या मागोमाग उरलंसुरलं ऐकू येणंही गेलं. ते टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघत बसले होते. गंधाली समोर येऊन उभी राहिली तेव्हा त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग सवयीनं ओठांकडे.

'काय गो? आज मधीच?'

ती त्यांच्यासमोर स्टुलावर बसली आणि सांगायला लागली. आवाज न काढता. बाबांचे कान गेल्यापासून ती असंच बोलत असे, नुसते ओठ हलवून, आणि त्यात ती कधीच अडत नसे. आवाज नसला की 'क' नव्हता, 'व' नव्हता, 'गं'ची भिंत नव्हती. शब्द पाण्यासारखे यायचे. जगात एवढ्या एकाच खोलीत ती घडाघडा बोलायची. बाहेरून जाणाऱ्याला वाटे, आत दोन माणसं नुसती एकमेकांकडे बघत बसलीत. तिनं सगळं सांगितलं. काचेची इमारत, टेकड्या, तो मधेच दिलेला शब्द, निलेश. बाबा तिच्या ओठांवरून डोळे न हलवता वाचत होते.

'ह्या काम म्हणजे काय? जॉबर?' त्यांनी विचारलं. त्यांच्या मिलमध्ये सगळ्यांवर ओरडणारा पहिला माणूस जॉबर.

'त्याच्या वर, बाबा.'

'मास्तर?'

'त्याच्याय वर.'

'आगे बाये,' बाबा म्हणाले, आणि गुडघ्यावर हात मारून हसायला लागले. 'आणि तू तेंका सांगून इलंस, तोंडासकट घेवा म्हणान?'

'मग काय करू?'

'बरा केलंस.' हसताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. 'गेला तर गेला काम. बरा केलंस, चेडवा.'

तेवढ्यात पर्समध्ये फोन थरथरला. अनोळखी नंबर. गंधाली नेहमी अनोळखी नंबर घेत नसे. तिनं घेतला.

'मी उत्तरा. मराठीत बोलते, चालेल ना?' पलीकडून आवाज आला. 'मॅडम, तुम्ही गेल्यावर आम्ही बराच वेळ भांडलो. खरं सांगते, देवव्रतना सुरुवातीला पटत नव्हतं. मग तेच म्हणाले, मी त्यांना चुकीचा शब्द दिला तर त्यांनी तो माझ्या तोंडावर परत केला. अशी माणसं मला संचालक मंडळासमोर पाहिजेत. तर निलेशचं ते काही नाही आता. व्यासपीठावर तुम्हीच. उद्या रीतसर कळवतेच, पण मला राहवलं नाही. येणार ना तुम्ही?'

गंधालीनं 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि 'ह'सुद्धा, जो कधी अडत नसे, अडला. बाबा तिच्या ओठांकडे बघत होते. पलीकडे उत्तरा म्हणाली, 'मी आहे लाइनवर,' आणि गप्प राहिली.

'हो,' गंधाली म्हणाली. 'येणार.'

फोन ठेवून ती तशीच बसून राहिली. खिडकीखाली कुणीतरी दुचाकी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. शेजारच्या घरात फोडणी पडली. तिला उठून काहीतरी करावंसं वाटत होतं, खिडकी उघडावी, भांडी घासावी. एकेक आठवत होतं. कसाल गाव, बाई, इडल्या, फोनवर ठेवून दिलेले सगळे हॅलो. आणि त्या सगळ्यांतून सरळ चालत ती इथं आली होती, अडत, पण आपल्या पायांनी.

'कोणाचो?' बाबांनी विचारलं.

'तेंचोच,' तिनं ओठांनी सांगितलं. 'काम...'

'थांब.' बाबा हात टेकून उठले. भिंतीवरच्या फळीवर, आईच्या फोटोशेजारी, एक छोटी डबी होती. कानातलं मशीन, तिनंच आणून दिलेलं. ते घातलं की सगळो बाजार कानात भरता म्हणून त्यांनी ते दुसऱ्याच आठवड्यात काढून ठेवलं होतं; तेवढ्या दिवसांतही ती त्यांच्याशी ओठांनीच बोलली होती. त्यांनी ते उजव्या कानात बसवलं, दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा बसलं. एक बारीक शीळ वाजली आणि थांबली. ते पुन्हा खुर्चीत येऊन बसले.

'आता आवाजात सांग.'

तिनं मान हलवली. ओठांनी म्हणाली, 'बाबा, मी अडकतलंय. असाच बरा आसा.'

'अडाक. कितको येळ लागांदे.' त्यांनी कानातल्या मशीनवर बोट ठेवलं. 'तुझी आवस गेली तेवापासून तुझो आवाज माझ्या कानात पडाक नाय. कसो आसा तो इसारलंय मी.'

इतकी वर्षं तिला वाटत होतं की या खोलीत आपण घडाघडा बोलतो. तिनं पुन्हा ओठ हलवले, काहीतरी सांगायला, नको म्हणायला. पण बाबांनी डोळे मिटून घेतले होते. आता ओठांचा काही उपयोग नव्हता. त्यांचा चेहरा तिच्यासमोर होता, सुरकुतलेला, दाढीचे खुंट वाढलेला, डोळे घट्ट मिटलेला, आणि मशीनचा कान त्यांनी थोडा पुढे केला होता.

तिनं श्वास घेतला आणि 'बाबा' म्हणायला गेली.

'ब्... ब्...'

'हां,' डोळे न उघडता बाबा म्हणाले, आणि त्यांचा सगळा चेहरा उजळत गेला. 'ह्योच. ह्योच तो.'